घरच्या संगणकावर कोणता ब्राऊझर ठेवावा?

घरच्या संगणकासाठी सगळ्यांत चांगला ब्राऊझर कोणता, हा प्रश्न संगणक नवा असताना फारसा कुणी विचारत नाही. काहीतरी अडले की तो निघतो. हैदराबादच्या नामपल्ली भागात इंटरमीडिएट बोर्डाचे विद्या भवन आहे, तेलंगणा लोकसेवा आयोगाचे प्रतिभा भवन आहे, फौजदारी न्यायालये आहेत आणि मुंबईच्या गाड्या सुटतात ते हैदराबाद डेक्कन स्थानकही आहे. निकाल, हॉल तिकीट, खटल्याची पुढची तारीख, रेल्वेचे आरक्षण ही सगळी कामे आता या इमारतींच्या खिडक्यांवरून घरच्या पडद्यावर आली आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे शहरातल्या अनेक मराठी घरांची शेतजमीन अजून नांदेड-परभणीकडे आहे आणि तिचा सातबारा महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर पाहावा लागतो. अशा घरातल्या एकाच संगणकावर मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांच्या लिप्या रोज उघडतात. ब्राऊझरची खरी परीक्षा अशाच घरात होते, म्हणून या प्रकरणातली उदाहरणे तिथली घेतली आहेत.

१. ब्राऊझर म्हणजे नेमके काय?

तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारे जाळे. गूगल किंवा बिंग म्हणजे त्या जाळ्यावर माहिती शोधून देणारी सेवा. ब्राऊझर म्हणजे आपल्या संगणकावर बसवलेला प्रोग्रॅम. तो दूरच्या संगणकाकडून पान मागवतो आणि पडद्यावर मांडून दाखवतो. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी हे ब्राऊझर आहेत. क्रोम गूगलने बनवला असला तरी फायरफॉक्समध्येही गूगलवर शोध घेता येतो आणि क्रोममध्येही बिंग वापरता येते.

हा फरक कळला की एक मोठा गैरसमज दूर होतो. इंटरमीडिएटचा निकाल लागतो त्या दुपारी बोर्डाचे पान उघडत नाही, तेव्हा बरेच जण ब्राऊझर बदलून पाहतात. लाखो विद्यार्थी एकाच वेळी पान मागत असताना अडचण पलीकडच्या संगणकाची असते, घरचा ब्राऊझर त्यात काही करू शकत नाही. दोष कुणाचा हे ओळखायला दोन चाचण्या पुरतात. तेच पान दुसऱ्या ब्राऊझरमध्ये उघडावे. तिथे उघडले तर पहिल्या ब्राऊझरमध्ये काहीतरी बिघडले आहे. तिथेही उघडले नाही तर मोबाइलचा डेटा वापरून फोनवर पाहावे. फोनवर उघडले तर घरच्या इंटरनेटमध्ये खोट आहे, आणि फोनवरही उघडले नाही तर थांबण्यावाचून उपाय नाही.

२. नावे अनेक, इंजिने तीन

ब्राऊझरचा जो भाग पानाचा मजकूर, चित्रे आणि मांडणी वाचून त्यांचे पडद्यावर चित्र उभे करतो, त्याला इंजिन म्हणतात. नामपल्लीहून सुटणाऱ्या दोन गाड्यांचे डबे, रंग आणि खानपान वेगळे असले तरी त्यांना जोडलेले इंजिन एकाच बनावटीचे असू शकते. ब्राऊझरचेही तसेच आहे. क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि विवाल्डी हे सगळे गूगलच्या पुढाकाराने चाललेल्या क्रोमियम या खुल्या प्रकल्पावर उभे आहेत आणि त्यांचे इंजिन ब्लिंक आहे. फायरफॉक्सचे इंजिन गेको. ॲपलच्या सफारीचे वेबकिट. आज सर्रास वापरात असलेली इंजिने एवढीच.

मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे इंजिन होते. ते सोडून जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर आणला गेला. ऑपेराने आपले इंजिन २०१३ मध्येच सोडले होते. सफारी विंडोजवर २०१२ पासून मिळत नाही. म्हणजे विंडोजच्या घरगुती संगणकावर खरी निवड दोन इंजिनांतच उरते, क्रोमियमचे आणि फायरफॉक्सचे.

भारतीय ब्राऊझरांनाही हेच लागू आहे. बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीने २०१० मध्ये काढलेला एपिक आधी फायरफॉक्सवर बेतलेला होता आणि त्यात भारतीय भाषांत टंकलेखनाची सोय दिली होती. पुढे तो क्रोमियमवर गेला. झोहो कंपनीचा उला २०२३ मध्ये आला. भारतीय ब्राऊझर घडवण्यासाठी केंद्र सरकारने भरवलेल्या स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिले, एक कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. उलाही क्रोमियमवरच चालतो. त्यात कमीपणा काही नाही, इंजिन खुले आहे आणि कुणालाही वापरता येते. फक्त क्रोम काढून उला बसवला म्हणजे इंजिनही बदलले, असे समजू नये.

३. एकाच ब्राऊझरवर अडलेली मराठी

इंजिने एकाहून अधिक का हवीत, हे मराठी वाचकाने स्वतः भोगलेले आहे. सन २००० च्या आसपास मराठी वृत्तपत्रे संकेतस्थळांवर आली तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट निराळा होता. त्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट संगणकावर असेल तर बातमी दिसे, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गिचका. वाचकाला फॉन्ट उतरवण्याचा त्रास नको म्हणून पानाबरोबर फॉन्ट आपोआप पाठवण्याची युक्ती निघाली. पण त्यातली मायक्रोसॉफ्टची रीत फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळत होती. त्या काळात जगातल्या बहुतेक संगणकांवर तोच ब्राऊझर चाले, म्हणून संकेतस्थळवाल्यांना त्यात काही गैर वाटले नाही. दुसरा ब्राऊझर वापरणाऱ्यापुढे मात्र मराठी बातमीच्या जागी गिचका येई.

तेलुगूची स्थिती वेगळी नव्हती. हैदराबादच्या 'ईनाडू'च्या संकेतस्थळाचा स्वतःचा फॉन्ट होता. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि त्यानंतर 'पद्मा' नावाची एक छोटी जोडणी, म्हणजे ब्राऊझरला वरून जोडायचा प्रोग्रॅम, तयार झाली. संकेतस्थळाच्या खास फॉन्टातला मजकूर ती वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलून दाखवी. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारी पद्धत. त्यात 'क'चा क्रमांक सगळीकडे 'क'चाच राहतो, फॉन्ट कोणताही असो. पद्माची सुरुवात तेलुगूपासून झाली, पुढे तिने देवनागरीसह इतर भारतीय लिप्यांचे फॉन्टही सामावून घेतले. एका कंपनीच्या ब्राऊझरसाठी बांधलेली दारे बाहेरच्या माणसांनी अशी उघडली, ही भारतीय भाषांच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे आणि तिची आठवण फार थोड्यांना आहे.

युनिकोड आले तरी सगळे लगेच सुरळीत झाले नाही. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय आधी चालू करावी लागे आणि त्यासाठी बहुधा विंडोजची सीडी मागितली जाई. ती सोय नसेल तर 'कि'ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत, मजकुराच्या दोन्ही कडा सरळ रेषेत जुळवलेल्या पानांवर, काने-मात्रे अक्षरांपासून सुटे होत. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो दोष गेला. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये, मनोगत हे संकेतस्थळ २००४ मध्ये आणि मिसळपाव हे संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झाले. त्यांनी युनिकोडचा आग्रह धरला आणि वाचकांना ब्राऊझर नीट करायला शिकवले. वृत्तपत्रे त्या वाटेने नंतर आली.

इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी अधिकृतपणे बंद केला. फक्त त्याच्यासाठी बांधलेली पाने त्याआधीच निकामी झाली होती, आणि जुन्या फॉन्टांतला कितीतरी मराठी मजकूर त्यांच्याबरोबर वाचण्याजोगा उरला नाही.

४. आज अक्षरे कशी दिसतात, कशी ऐकू येतात

आता देवनागरी, तेलुगू आणि उर्दू मजकूर सगळ्या प्रमुख ब्राऊझरांत बिनचूक दिसतो. अक्षरे जुळवण्याचे काम क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही हार्फबझ या एकाच खुल्या प्रोग्रॅमकडून करून घेतात. खात्री करायची असेल तर पत्त्याच्या पट्टीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पहिल्यात रफार वर दिसला आणि दुसऱ्यात अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा वळला, तर ब्राऊझर, फॉन्ट आणि कळफलक तिन्ही ठीक आहेत. दोन्ही शब्द सारखे दिसले तर बहुधा फॉन्ट जुना आहे किंवा कळफलकावर ऱ्य काढता आलेला नाही.

मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची रूपे ठरवून दिली. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात. पान मराठीत आहे असे पानाच्या रचनेतच नोंदवलेले असेल तर आजचे ब्राऊझर मराठी रूप निवडतात. मराठी संकेतस्थळावर हिंदी वळणाचा ल दिसला तर बहुतेक वेळा फॉन्ट तरी तसा असतो, नाहीतर पान बनवणाऱ्याने ती नोंद केलेली नसते.

इथपर्यंत ब्राऊझरांत फरक नाही. खरा फरक आहे फॉन्ट निवडण्याच्या सोयीत, आणि बहुभाषी घरासाठी तो मोठा आहे. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉन्टचा भाग उघडून 'ॲडव्हान्स्ड' दाबले की प्रत्येक लिपीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार ठरवता येतो. देवनागरीला निर्मला किंवा नोटो आणि आकार जरा मोठा, तेलुगूला दुसरा फॉन्ट, इंग्रजी आहे तशीच. अरबी लिपीसाठी विंडोजमधला 'उर्दू टाइपसेटिंग' निवडला की, ज्या पानांनी स्वतःचा फॉन्ट लादलेला नाही त्यांवर उर्दू तिच्या उतरत्या, लफ्फेदार नस्तालीक वळणात दिसू लागते. एरवी विंडोजवर ती बऱ्याचदा अरबीच्या सरळ नस्ख वळणात दिसते आणि जुन्या हैदराबादी वाचकाला ते वळण परके वाटते. क्रोममध्ये फॉन्ट बदलता येतो, पण लिपीवार नाही. त्यासाठी वेगळी जोडणी बसवावी लागते.

ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांच्यासाठी एज पुढे आहे. त्यात पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि यू या कळा एकत्र दाबल्या की वाचन सुरू होते. मराठीसाठी 'आरोही' हा स्त्रीचा आणि 'मनोहर' हा पुरुषाचा आवाज आहे. तेलुगूचे आणि उर्दूचेही आवाज आहेत. हे आवाज इंटरनेटवरून येतात, ते नसेल तर चालत नाहीत. उच्चार यंत्राचे असले तरी कानाला खटकत नाहीत, आणि अग्रलेख ऐकू इच्छिणाऱ्या आजी-आजोबांसाठी ब्राऊझर निवडायचा असेल तर एवढे एकच कारण पुरेसे ठरावे.

भाषांतराचेही दोन शब्द. तेलुगू सूचनेचे मराठी भाषांतर क्रोम आणि एज दोन्ही करतात. त्यासाठी पानाचा मजकूर कंपनीच्या संगणकाकडे पाठवला जातो. फायरफॉक्स सप्टेंबर २०२३ पासून भाषांतर घरच्या संगणकावरच करतो, पण त्याची भाषांची यादी लहान आहे. बातमी किंवा जाहीर सूचना असेल तर पहिली रीत खुशाल वापरावी. वैद्यकीय अहवाल किंवा बँकेचा तपशील पडद्यावर असताना भाषांतराचे बटण दाबू नये.

५. संगणक जुना आहे, मेमरी कमी आहे

'सगळ्यांत वेगवान कोणता' याचे उत्तर जाहिरातींत शोधण्यात अर्थ नाही. मोठ्या ब्राऊझरांच्या वेगातला फरक घरच्या वापरात जाणवण्याइतका उरलेला नाही. संगणक मंदावतो तो मेमरी संपल्यामुळे. प्रत्येक उघडा टॅब मेमरीत जागा धरतो आणि ती संपली की विंडोज मजकूर डिस्कवर टाकू लागते. जुनी फिरती डिस्क असेल तर सगळे जागच्या जागी थबकते.

आपल्या संगणकावर कोणता ब्राऊझर हलका पडतो हे घरीच मोजता येते. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. एका ब्राऊझरमध्ये रोजची सहा पाने उघडावीत, समजा दोन वृत्तपत्रे, ईमेल, रेल्वे आरक्षण, एक व्हिडिओ आणि बँक. दोन मिनिटे थांबून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो आणि ब्राऊझरच्या नावापुढे वापरलेली मेमरी दिसते. तो आकडा लिहून घ्यावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि तीच सहा पाने दुसऱ्या ब्राऊझरमध्ये उघडून पाहावीत. समजा संगणकाची मेमरी ४ जीबी आहे आणि विंडोजनेच २ जीबी घेतली आहे. एका ब्राऊझरने १.६ जीबी घेतली तर हाती ०.४ उरते, दुसऱ्याने १.१ घेतली तर ०.९ उरते. पहिल्यात सातवा टॅब जड जाईल, दुसऱ्यात आणखी तीन-चार निभतील. निकाल घरोघरी वेगळा लागतो, कारण उघडली जाणारी पाने वेगळी असतात.

न वापरलेले टॅब झोपवून ठेवण्याची सोय आता तिन्ही ब्राऊझरांत आहे. एजमध्ये ती २०२१ च्या सुरुवातीला आली, फायरफॉक्समध्ये त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आणि क्रोममध्ये २०२२ च्या अखेरीस. एज आणि क्रोममध्ये तिची खूण सेटिंगमध्ये चालू आहे ना, एवढे पाहावे. ब्राऊझर बदलण्याआधी नको असलेल्या जोडण्या काढून टाकाव्यात. मेमरी खाणाऱ्यांत त्यांचा नंबर फार वरचा असतो.

विंडोज ७ किंवा ८.१ वरच्या संगणकाची गोष्ट वेगळी. क्रोम आणि एज यांची त्यांवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ होती, जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सने आपली ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती अशा संगणकांसाठी त्यानंतरही सुरक्षा-दुरुस्त्या देत चालू ठेवली. त्यामुळे जुन्या यंत्रावर निवड झालीच तर ती फायरफॉक्सची. पण विंडोजच्या त्या आवृत्त्यांनाच आता दुरुस्त्या मिळत नाहीत. अशा संगणकावर बातम्या वाचाव्यात, गाणी ऐकावीत, बँकेचे काम करू नये.

६. फुकट ब्राऊझरचा खर्च कोण करतो?

एकही मोठा ब्राऊझर विकत मिळत नाही आणि तो बनवायला हजारो माणसांचे श्रम लागतात. गूगलची बहुतेक कमाई जाहिरातींतून येते. गूगलवर अमेरिकेत झालेल्या एका खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, सफारीमध्ये आपला शोध आधीपासून लावून ठेवावा म्हणून गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. फायरफॉक्स बनवणारी मोझिला ना-नफा संस्थेच्या मालकीची आहे, तरी तिचेही बहुतेक उत्पन्न गूगलकडूनच येते. एजमधला शोध बिंगकडे वळवलेला असतो, त्यात मायक्रोसॉफ्टचा स्वार्थ आहे. पूर्णपणे स्वतंत्र कुणी नाही, तरी वागणुकीत फरक आहे.

तो कुकीच्या उदाहरणावरून कळतो. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या संगणकावर ठेवलेली छोटी नोंद. 'हा वाचक कालही आला होता' हे संकेतस्थळाला तिच्यावरून कळते आणि दर वेळी पासवर्ड विचारावा लागत नाही. पानावर जाहिरात असेल तर जाहिरात कंपनीही स्वतःची कुकी ठेवते. तीच कंपनी शंभर संकेतस्थळांवर जाहिराती दाखवत असेल तर शंभर ठिकाणच्या भेटी ती एका माणसाच्या नावे जोडू शकते. मिक्सरची किंमत एका ठिकाणी पाहिली की आठवडाभर वर्तमानपत्राच्या पानांवर मिक्सर दिसत राहतात, त्याच्यामागे बऱ्याचदा हेच असते. सफारीने अशा परक्या कुकी मार्च २०२० मध्ये पूर्णपणे अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. गूगलने क्रोममधून त्या काढण्याचे अनेक वर्षे जाहीर केले, पुढे ढकलले आणि एप्रिल २०२५ मध्ये बेत सोडून दिला. क्रोममध्ये त्या हाताने बंद करता येतात, पण ते माहीत असावे लागते.

जाहिराती आणि पाळत रोखणारी यूब्लॉक ओरिजिन ही प्रसिद्ध जोडणी क्रोमच्या नव्या नियमांमुळे २०२४-२५ मध्ये त्यातून बाद झाली. तिची 'लाइट' आवृत्ती उरली आहे. फायरफॉक्समध्ये मूळ जोडणी चालते. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर जाहिरातींच्या गर्दीत बातमी शोधावी लागते हे लक्षात घेतले तर हा फरक लहान नाही. बातम्या देणाऱ्यांचे पोट जाहिरातींवर चालते हेही खरे. आवडत्या वृत्तपत्रासाठी रोधक बंद ठेवावा किंवा वर्गणी भरावी.

'इनकॉग्निटो' किंवा 'प्रायव्हेट' खिडकीविषयी मात्र फार भ्रम आहे. ती बंद केली की भेटींची यादी आणि कुकी घरच्या संगणकावर उरत नाहीत, इतकेच ती करते. संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला भेट दिसतेच. याच मुद्द्यावर अमेरिकेत गूगलवर सामूहिक दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने अशा भेटींच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

७. एक संगणक, चार माणसे

फोन ज्याचा त्याचा असतो, घरचा संगणक सगळ्यांचा. एकाच्या ईमेलमध्ये दुसऱ्याचा अर्ज जातो, मुलीच्या परीक्षेच्या फॉर्ममध्ये वडिलांचा पत्ता आपोआप भरला जातो. यावर उपाय म्हणजे प्रोफाइल. क्रोम आणि एजमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारून प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल बनवता येते. ज्याचे त्याचे बुकमार्क, पासवर्ड आणि भाषा वेगळ्या राहतात. फायरफॉक्समध्ये ही सोय पूर्वी आडबाजूला होती, नव्या आवृत्त्यांत ती मेनूत आली आहे.

प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. एकाच्या प्रोफाइलमधून दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जायला पासवर्ड लागत नाही. क्रोम साठवलेले पासवर्ड दाखवण्यापूर्वी विंडोजचा पासवर्ड विचारतो, पण विंडोजला पासवर्डच लावलेला नसेल तर घरी आलेल्या कुणालाही ते वाचता येतात. फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावला की साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवर एक वेगळे कुलूप बसते. खरे वेगळेपण हवे असेल तर विंडोजमध्येच प्रत्येकाचे वेगळे खाते काढावे. बँकेचा पासवर्ड सामाईक संगणकाच्या ब्राऊझरमध्ये साठवू नये, ब्राऊझर कोणताही असो.

८. अडून बसणारी संकेतस्थळे

हॉल तिकीट, फीची पावती, सातबारा अशी कागदपत्रे अनेकदा नव्या खिडकीत उघडतात. ब्राऊझरला ती नको असलेली जाहिरात वाटते आणि तो ती अडवतो. बटण दहादा दाबले तरी काहीच होत नाही आणि घरात समजूत होते की संकेतस्थळ बिघडले. अशा वेळी क्रोम आणि एजमध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटी खूण उमटते, फायरफॉक्समध्ये पानाच्या माथ्यावर एक पट्टी येते. तिथे टिचकी मारून त्या संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी, की कागद उघडतो. परवानगी सरसकट सगळ्यांना देऊ नये.

काही जुनी सरकारी पाने अजून इंटरनेट एक्सप्लोरर मागतात. त्यांच्यासाठी एजमध्ये 'आयई मोड' आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. जुन्या पानांतले जावाचे छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय मात्र क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये काढली, तर पानांवर हलती चित्रे दाखवणारे फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपले. 'फ्लॅश बसवा' असा निरोप आज एखाद्या पानावर आला तर ती फसवणूक समजावी आणि पान बंद करावे.

ब्राऊझरही त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवावा. शोधात सगळ्यांत वर येणारा दुवा जाहिरातीचा असू शकतो आणि तिथे मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भलतेच काही दडलेले असू शकते. क्रोम गूगलच्या, फायरफॉक्स मोझिलाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. एज विंडोजबरोबर येतोच.

९. मग निवडायचा कोणता?

विंडोजच्या घरगुती संगणकावर दोन ब्राऊझर ठेवावेत आणि त्यांची इंजिने वेगवेगळी असावीत. रोजच्या वाचनासाठी आणि शोधासाठी फायरफॉक्स. लिपीवार फॉन्ट, कुकींचे कप्पे, यूब्लॉक ओरिजिन आणि पासवर्डांचे कुलूप या चार गोष्टी बहुभाषी, सामाईक संगणकावर त्याच्या बाजूने वजन टाकतात. अडलेल्या सरकारी पानांसाठी आणि मोठ्याने वाचून घेण्यासाठी एज. तो आधीपासूनच असल्याने वेगळा प्रोग्रॅम उतरवावा लागत नाही. घरातल्या सगळ्यांचे फोन अँड्रॉइडचे असतील आणि पासवर्ड, बुकमार्क फोनवरच्या क्रोममध्ये साठले असतील, तर रोजचा ब्राऊझर म्हणून क्रोम ठेवणे सोयीचे. मग परक्या कुकी हाताने बंद कराव्यात आणि राखीव म्हणून फायरफॉक्स बसवावा. मॅक असेल तर सफारी पुरेसा आहे, जोडीला क्रोम किंवा फायरफॉक्स.

बदल करताना जुने काही हरवत नाही. नव्या ब्राऊझरच्या सेटिंगमध्ये 'इम्पोर्ट' निवडले की बुकमार्क, आणि काही वेळा पासवर्डही, पाच मिनिटांत उचलले जातात. त्यानंतर विंडोजच्या 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये जाऊन नवा ब्राऊझर नेहमीचा म्हणून नेमावा, नाहीतर ईमेलमधले दुवे जुन्यातच उघडत राहतात. महिन्यातून एकदा दोन्ही ब्राऊझरांतले 'अबाउट' पान उघडावे. नवी आवृत्ती आलेली असेल तर ती तिथेच उतरू लागते, आणि ब्राऊझर एकदा बंद करून पुन्हा उघडला की लागू होते.